जाळ्याचं पान

मथुरा वैतीने गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणून सांगितलं नव्हतं. उद्या जिताडा आणशील का? आणीन. बोंबील साफ करून देशील का? देईन. पापलेट ताजं आहे का, असं विचारणाऱ्याकडे मात्र ती अशी काही बघायची की पुढच्या खेपेला तो माणूस तोंड मिटून पापलेट घ्यायचा. वीस वर्षं मुलुंडच्या सोसायट्यांमधून पाटी फिरवून तिने एक गोष्ट पक्की करून ठेवली होती. 'हो' आधी म्हणायचं, कसं ते मागाहून बघायचं. आणि आजवर तिचं कुठे अडलं नव्हतं, हेही खरं.

त्यामुळे सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत मृणालिनीताईंच्या दारात जे झालं, ते व्हायचंच होतं.

मृणालिनीताई घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायच्या. कायस्थाघरच्या, त्यामुळे मासळी पारखायला चोख. मथुराची आणि त्यांची घासाघीस दोन तोडीस तोड माणसांची असायची, आणि दोघींनाही तिची गोडी होती. त्या दिवशी मथुराने दारात पाटी उतरवली, तर आत हॉलभर कापडाचे तुकडे पसरलेले. मांजरपाटाचे, सगळे एका मापाचे, दोन वीत लांब नि दीड वीत रुंद. मध्ये वनमालाबाई बसल्या होत्या. बँकेत नोकरी, नाकावर चष्मा, हातात मोजपट्टी.

"काय गो ताय, कापडाचं दुकान काढतंस का काय?"

"पुस्तक करतोय, मथुराबाई," मृणालिनीताई म्हणाल्या. "कापडाचं पुस्तक. घाटकोपरला आमचा बायकांचा गट आहे ना, त्याचं आठ मार्चला प्रदर्शन आहे. बायका जन्मभर घरात शिवतात, विणतात, टाके घालतात, आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. कुणी केलं ते नावसुद्धा राहत नाही. म्हणून प्रत्येकीने एकेक पान करायचं. स्वतःच्या हातचं. खाली तिचं नाव."

"त्यांना कशाला सांगतेस, मृणाल?" वनमालाबाई मोजपट्टीवरून नजर न काढता म्हणाल्या. "त्यांना वेळ कुठला? आणि कोळणींना बाजार येतो, शिवणटिपण नाही येत."

बाई खवचटपणे बोलल्या नव्हत्या. माहिती सांगावी तसं सांगितलं त्यांनी. पण मथुराला ते झोंबलं. तिने सुरीचं पातं पदराला पुसलं.

"एक पान माजं," ती म्हणाली. "काप कपडा."

मांजरपाटाचा तुकडा पाटीखालच्या चुंबळीत खोचून ती जिना उतरली, तेव्हा भलतीच खूश होती.

आता खरं सांगायचं, तर वनमालाबाई चुकल्या नव्हत्या. कोळीवाड्यात रीतच तशी. जाळं विणायचं पुरुषाने, मासळी विकायची बाईने. मथुराच्या आईने सुई धरली नाही, आजीने धरली नाही. मथुराची चोळी शिंपी शिवायचा, आणि उसवलं-फाटलं ते हरेश्वरपुढे पडायचं.

हरेश्वर म्हणजे मथुराचा नवरा. एकेकाळी त्याची स्वतःची होडी होती. मग कारखान्यांचं पाणी खाडीत उतरत गेलं, आधी कोळंबी गेली, मग बोईट गेले, आणि होडी चिखलात उपडी पडली. तेव्हापासून मथुरा पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची आणि हरेश्वर घरी असायचा. वसईकडच्या कुणाची जाळी आली तर विणायचा, फाटकी आली तर सांधायचा. तेही काम आटत चाललं होतं, कारण मशीनवरची नायलॉनची जाळी बाजारात आयती मिळायला लागली होती. उरलेल्या वेळात तो भात लावायचा, कालवण करायचा, दोन मुलींच्या वेण्या घालायचा. वेण्या तर अशा घट्ट नि चापूनचोपून, की शाळेतल्या बाईंनी एकदा मुलींच्या आईला शाबासकी कळवली होती. मथुराने ती घेऊनही टाकली होती.

"नवरा काय करतो गं तुझा?" नवीन गिऱ्हाईक विचारायचं.

"काय नाय करत. घरीच असतो," मथुरा म्हणायची आणि सुरमईचा पुढचा तुकडा पाडायची. तिच्या मनात काही वावगं नसायचं. विचारलं, सांगितलं.

तर त्या संध्याकाळी मथुरा ओट्यावर मांडी घालून शिवायला बसली. पहिल्या दिवशी दोरा सुईत जाईना. दुसऱ्या दिवशी गेला, तर गाठ पडेना. तिसऱ्या दिवशी गाठ पडली, ती नको तिथे. चौथ्या दिवशी कापडावर लाल दोऱ्याचं काहीतरी उमटलं आणि त्याच्या बाजूला बोटाच्या रक्ताचे दोन ठिपके. जे हात डोळे मिटून शंभर बोंबील साफ करायचे, ते एका सुईपुढे लुळे पडले होते. मथुराला रडू यायचं बाकी होतं, पण रागच आधी आला.

हरेश्वर शेजारी बसून जाळं सांधत होता. चार दिवस तो नुसता बघत होता.

"काय करतंस?" त्याने शेवटी विचारलं.

"फूल."

"ह्ये फूल हाय? मना वाटलं चिंबोरी."

मथुराने कापड त्याच्या अंगावर फेकलं. "मग तूच कर! त्या चष्मेवालीला मी शब्द दिलाय. आता तिच्या दारात तोंड कसं दाखवू? कोलनीला येत नाय म्हनली ती. म्हनली नि खरं बी जालं!"

हरेश्वरने कापड उचललं, गुडघ्यावर पसरलं, हाताने सारखं केलं. मग उठून माळ्यावरच्या पेटीतून सुती दोऱ्याची लडी काढली. नायलॉन यायच्या आधीची, त्याच्या बापाच्या वेळची. बांबूच्या सुईवर तो दोरा भरत बसला.

नऊ दिवस तो त्या पानावर होता. मथुराने फारसं लक्ष दिलं नाही, धंद्याचे दिवस होते. दहाव्या दिवशी त्याने पान तिच्यापुढे धरलं, आणि मथुराचा हात जेवता जेवता थांबला.

कापडाच्या मधोमध त्याने खिडकी कापली होती आणि तिच्यात जाळं बसवलं होतं. वरचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, चार बोटं जातील एवढे मोठे, जिताड्याच्या जाळ्याचे. त्याखाली बोइटाचे. त्याखाली कोळंबीचे. असं बारीक बारीक होत होत शेवटच्या ओळी जवळ्याच्या, तांदळाचा दाणासुद्धा अडकेल अशा. एकही गाठ पुढे-मागे नाही. खाडीत जे जे मिळायचं, ते सगळं मापाने त्यात होतं. मासा एकही नव्हता, पण कुठला मासा कुठे होता ते मथुराला दिसत होतं.

"ने," हरेश्वर म्हणाला. "सांग तू केलंस. तुजा शब्द राहील."

मथुराने नेलं. तिला काही टोचलंबिचलं नाही. घरचं काम, घरच्या माणसाने केलं, त्यात तुझं-माझं कशाला, एवढाच तिचा विचार.

गटाची बैठक रविवारी दुपारी घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात भरायची. बायका बाकं भिंतीला लावून सतरंजीवर बसायच्या. पानं मध्ये मांडलेली. कुणी काचमण्यांचा पोपट केला होता, कुणी रेडिओवर घालायच्या क्रोशाच्या रुमालाचा कोपरा आणला होता. वनमालाबाईंच्या पानावर अर्धी उसवलेली कशिद्याची वेल होती. ती वेल त्यांच्या बघण्याच्या कार्यक्रमात सात वेळा पाहुण्यांपुढे ठेवली गेली होती, आणि प्रत्येक नकारानंतर त्यांनी तिचं एकेक पान उसवलं होतं. मथुराला ते कळलं तेव्हा तिला चष्मेवालीबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

पुस्तक बांधायचं काम रुक्मिणीकडे होतं. ती कांजूरमार्गची, मूळची मालवणकडची, गोधड्या शिवणारी. नवरा गिरणीत होता, संपानंतर आता एका ऑफिसात शिपाई. तिने मथुराचं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं, खिडकीतून पलीकडे बघितलं.

"काय गो बाय," ती म्हणाली, "ह्यो हात तुझो? माका पंचवीस वर्सां झाली सुई धरून, पण अशी गाठ नाय माका येवची. सोन्याचो हात आसा तुझो."

सगळ्या बायका गोळा झाल्या. वनमालाबाईंनी चष्मा काढून, पुसून, परत घालून बघितलं. "मथुराबाई," त्या म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल चुकीचं बोलले होते. माफी मागते."

मथुरा तेव्हा काय फुलली होती म्हणता! तिने पदर सावरला, विडा खाल्लेल्या तोंडाने हसली आणि म्हणाली, "होतं गो. मानूस चुकतो."

खडूने पानाच्या खाली वनमालाबाईंनी 'मथुरा' लिहिलं. त्यावरून रुक्मिणी टाका घालणार होती. गटाचा नियम होता, पुस्तकात बाईचं नुसतं नाव. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही.

मग मृणालिनीताईंनी एक खेळ काढला. प्रत्येकीने सांगायचं, घरचे लोक आपल्या कामाबद्दल काय बोलतात. रुक्मिणीपासून सुरुवात झाली.

"आमचे हे गिरणीत होते तेव्हा चाळीत कोण पाहुणो इलो, की सांगीत," तिने नवऱ्याचा आवाज काढला, "'ती काय करत नाय, घरीच असता.' आणि मी थय सहा गोधडये शिवन कोपऱ्यात घडी घालून ठेवलेले!"

वर्ग हसण्याने दणाणला. माझापण तेच म्हणतो, माझापण, असं चहूबाजूंनी झालं. मथुरा सगळ्यांत मोठ्याने हसली. तिचं हसणं तसंही बाजारी, रस्त्यापलीकडे जाणारं. आणि ते हसणं अर्ध्यात तुटलं.

सकाळीच ती हे वाक्य बोलली होती. मृणालिनीताईंच्या वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं होतं, त्या बाईला. 'काय नाय करत, घरीच असतो.' शब्दसुद्धा तेच. आणि तो घरी नऊ दिवस तिच्यासाठी गाठी मारत बसला होता.

पुढे बायका काय काय बोलल्या ते मथुराला ऐकू आलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मना जायाचंय," आणि उठून चालू पडली.

घरी हरेश्वरने भात वाढून ठेवला होता. ती हातपाय धुऊन बसेपर्यंत त्याला दम निघाला नाही.

"काय म्हनल्या बाया?"

"चांगलं म्हनल्या."

"चांगलं म्हंजे काय म्हनल्या? सांग की."

"म्हनल्या, मथुराचा हात सोन्याचा."

हरेश्वरचा चेहरा उजळला. त्याने पुढे विचारलं, कोण म्हणाली? गोधड्या शिवनारी? मग तिला कलतं. गाठी बघितल्या का? खालच्या, जवळ्याच्या? त्या बघून काय म्हनली? तो एकेक शब्द मागून घेत होता आणि प्रत्येक शब्दावर मथुराचं नाव होतं, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. तो खूश होता. दुसऱ्याच्या नावावर झालेल्या कौतुकावर माणूस इतका खूश होतो, हे बघून मथुराने ताट बाजूला सारलं. तिला स्वतःची लाज वाटली. अशी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं तेही तिला कळेना.

"मी सांगनार हाय त्यांना," ती एकदम म्हणाली. "पान तू केलंस म्हनून."

हरेश्वरच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. "येडी का काय तू? बायकांचं बुक ते. त्याच्यात माजं नाव? आदीच लोक म्हंतात, हरेश्वर बायकोच्या जिवावर बसून खातो. आता म्हनतील, बायकांत जाऊन बसला." थोडं थांबून तो हळू म्हणाला, "राहू दे ना तुज्या नावावर. कुनाचं काय बिघरतं?"

"माजं बिघरतं," मथुरा म्हणाली.

पुढचे चार-पाच दिवस ती धंदा करत होती, पण हात चालत होते नि डोकं तिसरीकडे. न बोलता राहिलं तर पान पुस्तकात जाईल, नाव होईल, चष्मेवाली सलाम ठोकेल. बोललं तर पान जाईल, आणि कोळणीला येत नाही हे शाळेच्या वर्गात सगळ्यांपुढे सिद्ध होईल. सोपं कुठलं, हे उघड होतं. पण मथुराला शिळा माल ताजा म्हणून विकता येत नसे. तिने तो कधी विकला नव्हता, आणि या पानाला आता तिला वास यायला लागला होता.

रविवारी ती वर्गात शिरली ती उभीच राहिली. रुक्मिणी पान मांडीवर घेऊन सुईत लाल दोरा ओवत होती.

"थांब गो," मथुरा म्हणाली. "टाका घालू नको. पान माजं नाय. माज्या दादल्याने केलंय. मना शिवता येत नाय, विनता येत नाय. ही बाय पयल्या दिवशी बोलली ते खरं बोलली."

वनमालाबाईंच्या गालावर लाली चढली. माफी मागितली होती त्यांनी, आणि ती उगीच गेली होती.

"मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "पान काढावं लागेल. पुस्तक बायकांचं आहे."

"पुस्तक कशाचं हाय? बायकांचं, का घरात बसून केलेल्या कामाचं?"

"दोन्ही एकच आहे!"

"आमच्या घरात नाय एक," मथुरा म्हणाली. "आमच्यात मी बाजारात आनि तो घरात. तुमचे दादले तुमच्याबद्दल जे बोलतात ना, ते मी त्याच्याबद्दल बोलतंय, वीस वर्सं. दर दारात. तुमच्या घरातला दादला ना, तो आमच्या घरात मी हाय."

पण वनमालाबाई हटणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि त्यांचं म्हणणंही काही फोल नव्हतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "देवळाच्या पायरीवर पुरुषाचं नाव. दुकानावर, दारावर, रस्त्यावर पुरुषाचं नाव. आमच्या नावाच्या मधोमध त्यांचं नाव. जगात एवढं एक पुस्तक आम्ही आमच्यासाठी मागितलं. तेवीस पानं. त्यातही एक पुरुष घुसवायचा?"

रुक्मिणीने सुई हातात धरून ठेवली होती. ती पुटपुटल्यासारखं म्हणाली, "माझे डोळे गेले गो. गोधडीच्या सुयेत दोरो आता आमचे हेच ओवतत. मग माझा पानय काढतलात काय?"

दोघी-चौघी खुसखुसल्या. वनमालाबाई हसल्या नाहीत.

मथुरा मात्र त्यांच्या मागच्या वाक्यापाशीच अडकली होती. तिने ते मनातल्या मनात परत एकदा उलगडलं, जसं माशाचं पोट उलगडून बघावं, आणि तिला आत हवं ते सापडलं.

"बाय, तू काय म्हनलीस? बायकांच्या नावाच्या मधोमध दादल्याचं नाव?"

"हो. रेशन कार्डावर, बँकेत, सगळीकडे. मी रोज पन्नास फॉर्म बघते. बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव."

"नि बाप्याच्या नावात कवा बायकोचं असतं?"

"कधीच नाही."

"मग घाल," मथुरा म्हणाली. "या एका बुकात घाल. तो पुरुष म्हनून नको येऊ दे. घरी बसून काम करतो ना? मग घरात बसनाऱ्या बायकांचं नाव जसं लिवतात, तसं त्याचं लिव. आदी त्याचं, मधी माजं, मग आडनाव. मी पोसते ना घर? मग माजं नाव लागल त्याला."

क्षणभर कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही. मग पडला, आणि आधी हसल्या त्या वनमालाबाई. चष्मा काढून, डोळे पुसत, कितीतरी वेळ हसत राहिल्या. हसता हसता त्यांनी फडक्याने 'मथुरा' पुसून टाकलं आणि खडू उचलला.

"नाव काय त्यांचं?"

इथे मथुरा अडकली. मुलुंडच्या बाजारात जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, तिने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, लग्नाच्या उखाण्यापलीकडे. तिने नाकाची चमकी चाचपली. पदर चाचपला.

"उखाणो घे गो!" रुक्मिणी ओरडली.

"उखाना कशाला?" मथुरा म्हणाली. तिने मान ताठ केली. "हरेश्वर. लिव. हरेश्वर मथुरा वैती."

"आणि तुमचं पान?" वनमालाबाईंनी लिहिता लिहिता विचारलं. "तुमच्या नावाचं एकही पान नाही राहणार मग."

"माजं काम कपड्यावर नाय मावत," मथुरा म्हणाली. "मी बुकाच्या बाजूला उभी राहीन. मानसं गोला करायचं काम माजं."

आणि तिने ते केलं. आठ मार्चला घाटकोपरच्या हॉलमध्ये बाकीच्या बायका टेबलांमागे सभ्यपणे उभ्या होत्या. मथुरा दाराशी. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. रस्त्याने जाणारा माणूस तिच्या तावडीतून सुटत नव्हता. "ये गो ताय, ये रे दादा! बघून जा, हात लावून जा, असं बुक कुठं मिलायचं नाय!" दुपारपर्यंत हॉल भरला. मृणालिनीताईंनी भाषण लिहून आणलं होतं, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

हरेश्वर येणार नव्हता. नाव घातलंय हे मथुराने सांगितलं तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. कुठल्या तऱ्हेने घातलंय हे तिने सांगितलंच नव्हतं. पण चार वाजता तो आला. इस्त्रीचा शर्ट, लेंगा, केसांना तेल. मुलींना शेजारी सोडून आलो, सहज आलो, असं काहीतरी म्हणाला. मथुराने त्याचं मनगट धरलं आणि माणसांतून वाट काढत त्याला टेबलापाशी नेलं.

पुस्तक मध्ये उघडून ठेवलं होतं. रुक्मिणीने बांधणी झकास केली होती. जाळ्याच्या खिडकीतून मागचं पान दिसत होतं, गोधडीचे रंगीत तुकडे. हरेश्वरने आधी सवयीने गाठी तपासल्या. मग त्याची नजर खाली गेली, लाल दोऱ्याच्या अक्षरांवर. चौथीपर्यंत शिकला होता तो, सावकाश वाचायचा.

"ह-रे-श्वर," त्याने बोट ठेवलं. पुढे सरकवलं. "म-थु-रा." बोट थांबलं. त्याने परत पहिल्यापासून वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. "तुजं नाव माज्या नावात?"

"मग? माज्या नावात तुजं वीस वर्सं हाय. कवा विचारलंस का मना, चालल का म्हनून?"

हरेश्वरच्या कपाळावर आठी चढली. मथुराला वाटलं, आता गडी उलट पावली घरी जातो. कोळीवाड्यात हे कळलं तर हसायला त्यांना वर्षभर पुरलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण त्याची आठी हळूहळू उतरली. त्याने अंगठ्याने ती अक्षरं एकदा डावीकडून उजवीकडे चाचपली, दोरा पक्का आहे ना ते बघावं तशी.

"चालीस वर्सं विनतोय," तो म्हणाला. "बापाबरोबर बसायचो तेवापासून. हजार जाली केली असतील. गेली, फाटली, कुनी केली ते कुनाला ठाऊक नाय." त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याने काही खटपटही केली नाही. मथुराचेही भरून आले.

कॉलेजातल्या तीन-चार पोरींचा घोळका टेबलापाशी आला. एकीने वाकून जाळ्यात करंगळी घातली, वरच्या मोठ्या आसातून खालच्या बारक्या आसापर्यंत नेली. "बाप रे, हे हाताने केलंय?" ती म्हणाली. "कुणी केलं हो हे?"

मथुराने सांगायला छाती भरून श्वास घेतला. असल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या आधी दुसरं कुणी देईल, असं वीस वर्षांत झालं नव्हतं. तिने हरेश्वरकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

पोरी वाट बघत होत्या. हरेश्वरने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, घसा साफ केला.

"मी केलं," तो म्हणाला. "मी. हरेश्वर मथुरा वैती."